न हलवलेली बाटली

नाकमामावर लिहायचं म्हटलं की दोन तऱ्हेची माणसं मला अडवतात. काही म्हणतात, कशाला लिहिता ताई, म्हातारा अजून कामावर आहे, त्याची उरलीसुरली अब्रू घालवू नका. काही म्हणतात, लिहाच, चांगली जिरवा त्याची. दोघांचंही ऐकायची मला सवय नाही. मी सरळ मामालाच विचारलं. तो म्हणाला, "लिहा. पण झालं तसं लिहा. मला बिचारा करू नका, एवढंच."

तर हा माणूस बिचारा नाही.

टेकडीवरच्या आमच्या वस्तीला पाणी येतं ते खालच्या पंपघरातून. तिथे एक मोठा पंप आणि अडीनडीला त्याच्या शेजारी एक लहान. मोठ्या पंपाची मोटर आणि पंप यांच्या मधे गिअरबॉक्स, माणूस आत उभा राहील एवढा. आतले दाते आणि बेअरिंगं रात्रंदिवस तेलात फिरतात. तेल चांगलं तर चाक फिरणार, चाक फिरलं तर वस्तीतल्या बायकांच्या घागरी भरणार. हे तेल सांभाळायचं काम मामाचं. तेल बदलणं, कमी झालं तर भर घालणं, खराब होतंय का ते ओळखणं.

नाक मोठं म्हणून नाकमामा, हे अर्धंच खरं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तेलाचा थेंब चोळायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, आणि सांगायचं: "जळकं आहे. मागचं बेअरिंग तापतंय." तापलेलंच असायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा त्याची विद्या खोटी होती असं कुणी म्हणू नये. पंपघरात साहेब बदलले, रंग बदलला, कुलपं बदलली. नाक तेच राहिलं. आणि त्या नाकावर मामा माशी बसू देत नसे.

मग सेन्सर आले.

आले तेही कुणाच्या हातून, तर त्याच्या सख्ख्या भाचीच्या. मामाची धाकटी बहीण त्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहते. तिची मुलगी बारकी. अंगाने बारीक म्हणून लहानपणी पडलेलं नाव, ते मोठेपणीही चिकटून राहिलं. तांत्रिक शिक्षण घेऊन ती सेन्सर बसवणाऱ्या कंपनीत लागली होती, आणि आमच्या पंपघरावर तिची नेमणूक व्हावी म्हणून साहेबाकडे शब्द टाकणारा मामाच होता. बोटाएवढी एक पोलादी नळी गिअरबॉक्सच्या तेलात बुडवलेली, तिची तार कंट्रोल रूममध्ये, आणि तिथे एका पडद्यावर तेलाचं सगळं बिंग: तेल किती दाट, किती मळकं, त्यात ओलावा किती. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धावा.

"आता मामाची गरज नाही," ऑपरेटर म्हणायचा. "तेलच फोन करून सांगेल, मला बरं वाटत नाही म्हणून."

पहिल्या दिवसांत एक तार सैल राहिली होती आणि त्यापायी पडदा उगाचच लाल व्हायचा. तेव्हापासून सगळ्यांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं रडूबाई. आम्ही कामगार संघटनावालेही त्यात मागे नव्हतो. यंत्र आलं की माणूस जातो, हे आम्ही पोटावर पाय पडून शिकलेलो, त्यामुळे रडूबाई रडली की आम्हाला बरंच वाटायचं.

मामा-भाचीचं मात्र छान जमलं होतं. तो तिला तेलाची बाटली कशी भरायची ते शिकवायचा. पंप चालू असताना, खालच्या तोटीतून, आधी थोडं सांडू द्यायचं, मग भरायचं. आणि एक थाळी होती त्याची, इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवलेली जाड पत्र्याची. ती तापली की तिच्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तेल कोरडं असेल तर थेंब गुपचूप पसरतो, धूर सोडतो. पाणी असेल तर तडतडतो. जगातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त परीक्षा.

"पण आधी बाटली हलवायची," तो बजावायचा. "पाणी जड. तळाला जाऊन बसतं चोरासारखं. वरचं तेल सभ्य दिसतं. बाटली हलवल्याशिवाय तेल खरं बोलत नाही."

"आणि मामा, तू पडदा वाचायला कधी शिकणार?"

"मला नाक आहे."

"नाकावर चष्मा लाव ना मग."

असं त्यांचं चालायचं.

एका सकाळी पडद्यावर ओलाव्याची रेघ पिवळी झाली आणि चहाच्या वेळेपर्यंत लाल. बारकी खाली आली. मामा चौघांत बसून चहा पीत होता.

"मामा, तेलात पाणी आहे."

"रडली रे रडूबाई!" ऑपरेटर ओरडला. सगळे हसले.

मामा उठला, तोटीखाली बोट धरलं, चोळलं, हुंगलं, डोळे मिटले. "काही नाही. तेल ठणठणीत आहे."

बारकी हळू बोलली, पण पंपघरात हळू कुणी बोलत नसल्यामुळे नेमकं तेच ऐकू गेलं. "अरे मामा, पाण्याला वास कुठे असतो?"

या वेळी सगळे हसले ते मामाला.

"तू दुपट्यात होतीस ना," मामा म्हणाला, "तेव्हापासून हे तेल मी ओळखतो. जा, तार तपास तुझी." ती गेली. साहेबाला सांगायला गेली, कारण ते तिचं कामच होतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर गेले, तेव्हा मामा आत थांबला. बाटली भरली, सवयीने हलवली, थाळी तापवली, थेंब टाकला.

तडतड.

पुन्हा टाकला. पुन्हा तडतड.

आता पाणी आलं कुठून हे शोधायला त्याला कुणाची गरज नव्हती. तो सरळ शेडच्या मागे गेला. तिथे तेलाचं पिंप उभं होतं. उभं! ज्याला तेलातलं काही कळतं तो पिंप उघड्यावर उभं ठेवत नाही. आडवं निजवतो, दोन्ही बुचं डाव्या-उजव्या बाजूला येतील अशी, म्हणजे आतून बुचांवर तेलाचा दाब राहतो. कारण पिंप श्वास घेतं. दिवसा तापलं की हवा सोडतं, रात्री गार झालं की ओढतं, आणि उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचलेलं असेल तर तेच ओढतं, घट्ट बुचातूनसुद्धा. हे सगळ्या नव्या माणसांना शिकवणारा मामाच. पण मधे त्याची पाठ धरली होती. उभ्या पिंपातून हातपंपाने तेल काढणं सोपं. उद्या आडवं करू, म्हणाला होता. तो उद्या आला नाही, पाऊस आला. आणि गिअरबॉक्सात भर घातली ती त्याच पिंपातून.

झाकणावर अजून पाणी होतं. काठापर्यंत. त्यात एक वाळकं पान तरंगत होतं.

तिथून दहा पावलांवर, कंट्रोल रूममध्ये, भाची होती. आत जायचं आणि म्हणायचं, बारके, तुझंच खरं, चूक माझी. तेल काढलं असतं, नवं भरलं असतं, चार दिवस लोकांनी चिडवलं असतं, संपलं असतं. मामाने काय केलं? झाकणावरचं पाणी लवंडलं आणि एकट्याने ते पिंप आडवं केलं.

"त्या दिवशी पाठ दुखली नाही बघा," तो मला म्हणाला. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी साहेबाने सगळ्यांना गोळा केलं. "मामा, आणा तुमची ती थाळी. रोजची कटकट नको. एकदाच काय ते होऊन जाऊ दे." बाटली सगळ्यांसमोर भरली गेली. शेगडी जुनी, तापायला वेळ लागला, त्यात साहेबाचा फोन आला आणि तो बाहेर जाऊन बराच वेळ बोलत बसला. बाटली टेबलावर उभी. मामा म्हणतो, मी तिच्याकडे बघतच होतो. तळाला धुकं जमत होतं. कुणाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

साहेब आला. मामाने ड्रॉपर घेतला, बाटलीच्या वरच्या भागात बुडवला, थेंब थाळीवर टाकला.

थेंब पसरला. बारीक धूर निघाला. आवाज नाही.

मग जो गलका झाला तो मी गेटबाहेरून ऐकला. मामाला पोरांनी उचललं. बारकी टेबलापाशीच होती. तिने बाटलीकडे पाहिलं, मग मामाकडे.

"मामा..."

"काय?"

"काही नाही."

मामा थाळी पुसायला वळला.

सेन्सर काढून ठेवला. बारकीने तो चुकीचा बसवला, असा शेरा साहेबाने सगळ्यांसमोर मारला आणि तो कंपनीकडे गेला. कंपनीने तिला घरी बसवलं, पुढचं काय ते कळवू म्हणून. या धंद्यातलं जग लहान. तिने दुसरीकडे विचारलं, तर तिच्याआधी तिची कीर्ती तिथे पोचलेली. आणि आम्ही? आम्ही पोस्टर छापलं. मामाचा चेहरा, त्यात नाक अर्ध्याहून जास्त, खाली मोठ्या अक्षरांत: 'मीटर खोटं बोलतं, माणूस नाही.' ती ओळ माझी. तेव्हा फार आवडली होती.

मामा त्या पोस्टरसमोरून जायचा बंद झाला. मागच्या गल्लीतून, उकिरड्याला वळसा घालून कामावर जाऊ लागला. लोकांना वाटलं, वाढलेला मान सहन होत नाही, केवढा साधा माणूस! चहावाला त्याला चहा पाजायचा आणि चार गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "हे आपले नाकमामा. इंजिनिअरची दातखीळ बसवली यांनी." मुलं रस्त्यात बोटं चोळून नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "वाऽ! ठणठणीत!"

मामी, म्हणजे त्याची बायको, जिभेची तिखट. "आधी तुमचं नाक घरात यायचं, मागून तुम्ही. हल्ली दोघंही चोरासारखे येता. काय चोरलंत?"

"काही नाही."

"मग जेवा तरी. चोरसुद्धा जेवतात."

बहिणीकडे जाणं त्याने टाळलं होतं, पण एका दुपारी तिने जिन्यात गाठलंच आणि आत बसवलं. "दादा, बारकीला काय झालंय रे? बोलत नाही, भांडत नाही. तुझं नाव काढलं की उठून जाते. मी तिला म्हटलं, चूक झाली तर झाली, मामाची माफी माग, तो साहेबाला सांगेल, तुझं काम परत मिळवून देईल. तू सांगशील ना रे?"

मामा म्हणाला, "सांगतो." आणि भरला कप तसाच ठेवून उठला.

बारकी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तू तेव्हाच का नाही बोललीस? तुला दिसलं होतं."

तिने हातातला टॉवेल झटकला. "बोलले असते तर चारचौघांत तुम्ही खोटे ठरला असता. गप्प बसले, मी खोटी ठरले. कुणीतरी ठरणारच होतं." लहानपणापासून 'अरे मामा' म्हणणारी पोर. "मला वाटलं, मामा संध्याकाळपर्यंत सांगतील. मग वाटलं, उद्याच्या संध्याकाळपर्यंत. आता मी संध्याकाळी मोजत नाही."

"आई म्हणते तू माझी माफी मागावीस."

"मागू?"

मामा वळला. तो खाली आला. जिन्याच्या वळणावर भिंतीला हात टेकवून उभा राहिला, असं शेजारणीने पाहिलं. तिला वाटलं, चक्कर आली.

इकडे गिअरबॉक्स चालूच होता. पाणी मिसळलेलं तेल लगेच मारत नाही, हळू कुरतडतं. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढतो, मग खड्डे पडतात, मग एक दिवस सगळं अडकतं. मामा येता-जाता त्या लोखंडी पेटीवर तळवा ठेवायचा. आतून बारीक खरखर यायला लागली होती, अजून फक्त त्यालाच कळेल एवढी. तेल बदलायचं तर पंप थांबवावा लागणार, त्याला साहेबाची सही लागणार आणि साहेब विचारणार, का? या 'का'पुढे मामाचं तोंड उघडेना. ज्याच्या तेलाला रडूबाईने नावं ठेवली आणि थाळीने निर्दोष सोडलं, तो म्हणणार काय?

आणि आम्ही सत्कार ठरवला. सकाळी, गेटवर, पाळी बदलताना, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं असतील. वस्तीतल्या बायकाही आल्या. साहेबाला यावंच लागलं, तोंड कडू करून. माईक होता, फुलांचा गुच्छ होता, भेट द्यायला भिंतीवरचं घड्याळ होतं. मी अर्धं भाषण केलं आणि घड्याळ हातात घेतलं.

मामा म्हणाला, "ताई, थांबा. आधी माझी थाळी मागवा. आणि मोठ्या पंपाचं तेल."

लोक खूश. पुन्हा खेळ बघायला मिळणार! ऑपरेटर पळत जाऊन बाटली भरून आला. शेगडीला वायर जोडली. थाळी तापेपर्यंत मामाने तेल निवळू दिलं. बाटली समोर उभी ठेवली होती, तिच्याकडे बघत बसला. मग वरचं तेल घेऊन थेंब टाकला. गुपचूप पसरला. टाळ्या.

"थांबा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी हे असंच केलं होतं."

त्याने बाटलीला बूच लावलं आणि ती हलवली. चांगली, हात दुखेपर्यंत हलवली. मग माईक ओढून थाळीच्या जवळ धरला आणि थेंब टाकला.

तडतड तड. भोंग्यातून तो आवाज गेटभर झाला. दोघा-चौघांनी तरीही टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं खेळच आहे.

"हे पाणी आहे," मामा म्हणाला. "माझ्या पिंपातून आलंय. पिंप मी उभं ठेवलं होतं. रडूबाई खरं रडत होती. माझ्या भाचीने तार नीट लावली होती. मला हे त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कळलं होतं. नंतर मी तुमच्यासमोर बाटली हलवली नाही. मुद्दाम हलवली नाही."

मागून एकजण म्हणाला, "मामा, चेष्टा करता का?"

"नाही. साहेब, पंप थांबवा."

मी घड्याळ घेऊन तशीच उभी. खरं सांगते, पहिला राग आला तो खोटं बोलल्याचा नाही. आमच्या मंचावर, आमच्या माईकवर खरं बोलल्याचा आला. मी ओरडलेही, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला, "लाज वाटत होती." एवढंच. त्यापुढे मला भांडता येईना.

गिअरबॉक्स उघडला तर बेअरिंगवर तांबडे डाग, दोन गोळ्यांना खड्डे. अजून थोडं चाललं असतं तर दातेही गेले असते. सुटे भाग येईपर्यंत लहान पंपावर वस्तीचं भागवलं, एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेने. टाकीखाली बादल्यांची रांग लागली. मामा त्या रांगेत स्वतःची बादली घेऊन उभा राहायचा. कुणी त्याला पुढे घेत नसे, कुणी हाकलतही नसे. बायका त्याला ऐकू जाईल असं एकमेकींशी बोलायच्या. "नाक मोठं, घागर रिकामी." पोस्टरवर कुणीतरी नाकाला डांबर फासलं. आम्ही ते काढायला गेलो तर मामा म्हणाला, राहू द्या, पावसात जाईल. मी ऐकलं नाही, फाडून काढलं. ती ओळही त्यावर होती ना.

मामी महिनाभर काही तिखट बोलली नाही. त्याचाच त्याला सगळ्यात जास्त त्रास झाला, म्हणतो. बहिणीने दार लावून घेतलं नाही, पण ती 'दादा, चहा घे' म्हणायची ते आता बारकी घरी नसताना म्हणू लागली.

कंपनीने बारकीला फोन करून बोलावलं. ती गेली नाही. म्हणाली, शेरा सगळ्यांसमोर मारला होता, तो सगळ्यांसमोर पुसा, मग येते. साहेबाला पंपघरात सगळ्या माणसांसमोर उभं राहून म्हणावं लागलं, तारेत दोष नव्हता. मग आली. नळी परत तेलात बसली, पडदा परत पेटला. तेलाची आणि सेन्सरची जबाबदारी तिच्याकडे गेली आणि मामा तिच्या हाताखाली आला. त्याने ना केली नाही. चष्माही लावला. पडदा वाचायला आता त्याला येतं, अडखळत.

ती त्याच्याशी नीट बोलते. कामाचं बोलते. "मामा, आज दाटपणा थोडा कमी वाटतोय," "मामा, पिंप आलंय, निजवून घ्या." हसतेही, पण दुसऱ्या कुणाच्या तरी विनोदावर.

पडद्याची खात्री करायला अधूनमधून थाळी तापवतात. मी मागे एकदा पाण्याच्या तक्रारीसाठी गेले होते तेव्हा पाहिलं. बारकीने तोटीखाली बाटली भरली, बूच लावलं आणि मामाच्या समोर उभं राहून ती हलवली. कुणी सांगितलेलं नव्हतं, हलवायचं काम त्याचं होतं. मग बाटली त्याच्या हातात दिली.

मामाने ती घेतली, मान खाली घातली आणि पुन्हा एकदा हलवली. मग थेंब टाकला. दोघं थाळीकडे बघत उभी राहिली.